पावसाळी ट्रेनर हप्त्यावर घ्यावा का?

दापोलीजवळच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३९, हातात पगार ५१,००० रुपये, गृहकर्जाच्या हप्त्यासह घरखर्च ४३,०००. बँकेत ३८,००० आहेत. यंदा आंब्याचे खर्च वजा जाता ७०,००० सुटले. रोज सकाळी हर्णै नाहीतर आंजर्ल्यापर्यंत सायकल होते, पण जून ते सप्टेंबर ती पडवीत टांगलेली असते आणि कमावलेला दम गणपतीपर्यंत जातो. म्हणून ६८,००० रुपयांचा स्मार्ट ट्रेनर (सायकल घरातच जागेवर चालवायचा स्टँड, ज्याची ओढ ॲपवरून बदलते) क्रेडिट कार्डावर बारा महिन्यांच्या 'नो-कॉस्ट' हप्त्याने घ्यायचा विचार आहे. रोख दिले तर दुकानदार ६४,०००ला देतो. सायकल नऊ गिअरची हायब्रिड, चार वर्षांची, साधारण ९,००० किलोमीटर झालेली, चेन कधीच बदललेली नाही. मेकॅनिकने चेन १,२००, कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) २,०००, केबल-ब्रेकशू-मजुरी १,००० आणि क्रँकसेट (पेडलच्या दांड्या आणि पुढच्या दातेरी चकत्या) ३,२०० असा ७,४००चा अंदाज दिला आहे. चिपळूणचा मित्र जुना चुंबकी ट्रेनर (मागचं चाक रोलरवर टेकतं, ओढ चुंबकाची) ६,०००ला देतोय. काय करावं?

नमस्कार. यंदा मित्राचा ट्रेनर घ्या. स्मार्ट ट्रेनर पुढच्या मे महिन्यात, रोखीने, आणि तोही एका अटीवर. आता कारणं.

'नो-कॉस्ट' या शब्दापासून सुरू करू. तुमचा हप्ता ६८,००० भागिले १२, म्हणजे ५,६६७ रुपये. बँक व्याज सोडत नाही. व्याजाएवढी सूट आधी किमतीत दाखवली जाते आणि मग हप्त्यातून व्याज घेतलं जातं. बँकेचा दर १५ टक्के धरला तर या व्यवहारात व्याज सुमारे ५,२०० रुपये निघतं. ते सुटीत वळतं झालं तरी त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ९४० रुपये, तुमच्याच खिशातून जातो. वर प्रोसेसिंग फी दोनशे-सव्वादोनशे. शिवाय रोखीच्या सवलतीचे ४,००० हातचे गेले ते वेगळे. सगळं धरून ६४,०००च्या वस्तूला तुम्ही ६९,१७० रुपयांच्या आसपास मोजता, आणि हा दर वर्षाला साडेचौदा टक्क्यांच्या घरात जातो. गृहकर्जापेक्षा महाग. 'नो-कॉस्ट' असेल तर ते दुकानदाराला.

तरीही माझा मुख्य आक्षेप व्याजावर नाही, वेळेवर आहे. तुमचा पैसा मे महिन्यात येतो आणि नेमका पावसाळ्यात जायला लागतो. मृगात कलमांना खत, जुलै-ऑगस्टमध्ये कल्टार (मोहोरासाठीचं औषध), भाद्रपदात गणपती, मग दिवाळी, आणि मोहोर दिसायला लागला की फवारण्या. बागेचे ३०,००० आणि सणांचे २५,००० धरू. हापूसला एक वर्ष भरून फळ आलं की पुढचं वर्ष हात आखडायची खोड आहे, तेव्हा पुढच्या मे महिन्यात पुन्हा ७०,००० येतील हे गृहीत धरू नका.

आता नोव्हेंबरअखेर घर कुठे उभं राहतं ते पाहा. हप्त्याच्या वाटेने गेलात, तर आजचे १,०८,००० (बँकेतले ३८,००० आणि आंब्याचे ७०,०००) वजा बाग-सणांचे ५५,००० वजा सायकलची किमान दुरुस्ती, म्हणजे क्रँकसेट सोडून, ४,२००, वजा ट्रेनरचं कॅसेट-मॅट वगैरे ५,०००, वजा ॲपची चार महिन्यांची वर्गणी ६,८००, अधिक महिन्याला उरणारे २,३३३ गुणिले सहा. हाती साधारण ५१,००० राहतात आणि डोक्यावर हप्त्याचे ३४,००० बाकी. दुसऱ्या वाटेने मित्राचा ट्रेनर, दुरुस्ती आणि छातीवरचा हार्ट रेट पट्टा (४,००० धरा) मिळून १४,२०० गेले, महिन्याच्या ८,००० शिलकीतून ५,०००ची आरडी (आवर्ती ठेव) सुरू केली, ३,००० बचत खात्यातच ठेवले, तर नोव्हेंबरअखेर खात्यात सुमारे ५६,८०० आणि आरडीत ३०,०००. कर्ज शून्य.

दोन्हीकडे महिन्याला पाच-साडेपाच हजारच बाजूला पडतात. पण घरात कोणी आजारी पडलं तर आरडी मोडता येते, नुकसान थोड्या व्याजाचं. हप्ता मोडता येत नाही, आणि तो चुकला तर कार्डाचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी चढतं. तीन महिन्यांच्या खर्चाएवढी, म्हणजे १,२९,०००ची गंगाजळी जवळ नसताना मी कुणालाही छंदासाठी हप्ता घ्यायला सांगत नाही. तुमचा छंद चांगला आहे, तरीही नाही.

आता वापराचा हिशोब. ट्रेनर आणि जोडसामान मिळून ६९,०००, सहा वर्षांनी २०,०००ला विकला असं समजू. वर्षाचा बोजा सुमारे ८,२००, त्यात वर्गणी ६,८००, म्हणजे १५,०००. जून ते सप्टेंबर सतरा आठवडे, आठवड्याला तीन तास बसलात तर ५१ तास होतात आणि तासाला २९४ रुपये पडतात. चाकरमानी आले, पाहुणे झाले, सर्दी झाली आणि २५च तास झाले, तर तासाला ६००. या दोन आकड्यांपैकी तुमचा कुठला, हे आज तुम्हालाही ठाऊक नाही. मित्राचा ६,०००चा ट्रेनर ते सांगेल, आणि पुढच्या वर्षी ४,०००ला विकलाही जाईल.

वर्गणी डॉलरमध्ये असेल तर कार्डावर परकी चलनाचा अधिभारही लागतो. ऑक्टोबर उजाडताच वर्गणी थांबवायची. ती विसरणारे फार.

डायरेक्ट ड्राइव्ह स्मार्ट ट्रेनरला मागचं चाक काढून सायकल त्याच्या कॅसेटवर चढवतात. हे कॅसेट बहुधा वेगळं घ्यावं लागतं. शिमानो पद्धतीच्या अकरा गिअरच्या फ्रीहबवर (कॅसेट ज्यावर चढतं तो भाग) तुमचं नऊ गिअरचं कॅसेट बसतं, मात्र मागे १.८५ मिलिमीटरचा स्पेसर, म्हणजे पातळ कडं, घालावा लागतो. तो राहिला तर वरची लॉकरिंग आवळूनही कॅसेट खुळखुळतं आणि गिअर जागेवर पडत नाहीत. दुसरी गोष्ट विजेची. अशा बहुतेक ट्रेनरना प्लग लागतो. पहिल्या वादळाला लाइन गेली की रेझिस्टन्सचं नियंत्रणही जातं, आणि विजा कडाडत असताना तो प्लग सॉकेटमध्ये ठेवणं म्हणजे ६४,०००ची पैज. चुंबकी ट्रेनरला वीजच लागत नाही. कोकणात हा गुण कमी लेखू नका.

मित्राच्या ट्रेनरवर नीट सराव होतो, पण शिस्त लागते. मागे जुना, गुळगुळीत टायर घाला. खाचांचा टायर आवाज करतो आणि रोलरवर झिजून काळा भुगा पाडतो. मागच्या चाकाच्या क्विक रिलीजला (चाक चटकन काढता येणारी पकड) ट्रेनरसोबत येणारा पोलादी दांडा वापरा, ॲल्युमिनियमच्या हलक्या दांड्याचं टोक पकडीत दबतं. दर वेळी हवा तेवढीच भरा, रोलर टायरला टेकल्यावर नॉब मोजून तेवढेच फेरे फिरवा, रेझिस्टन्सचा खटका तोच ठेवा. टायर तापला की ओढ बदलते, म्हणून पहिली दहा मिनिटं मोजू नका. एवढं सांभाळलं की मागच्या चाकाचा वेग हेच तुमचं पॉवर मीटर. वॅट कळणार नाहीत, पण जूनमध्ये ताशी २८ला धाप लागत होती आणि ऑगस्टमध्ये त्याच नाडीवर ३० निघतोय हे कळेल. नाडीची पातळी ठरवायला अर्धा तास जमेल तेवढ्या जोरात, पण एकसारखं चालवा आणि शेवटच्या वीस मिनिटांची सरासरी घ्या. हार्ट रेट पट्टा मी यादीत घातला तो यासाठीच. तो फोनला जोडला जातो आणि पुढे स्मार्ट ट्रेनर आला तरी कामाचाच राहतो.

ट्रेनर पडवीत नको, वाऱ्याबरोबर झड आत येते. माडीच्या लाकडी तक्तपोशीवरही नको, खालचे लोक पहिल्या आठवड्यातच तक्रार करतील. ओटीवर किंवा माजघरात, खाली जाड मॅट, समोर पंखा. पंख्याशिवाय कोकणातल्या दमटपणात नाडी फुकटच वर जाते. हँडलपासून सीटपर्यंत जुना टॉवेल बांधा. घाम म्हणजे मिठाचं पाणीच. हँडल धरणाऱ्या स्टेमचे बोल्ट आणि हेडसेट (हँडलखालचं बेअरिंग) तो गुपचूप खातो.

सायकलच्या या झिजेतच तुमच्या पत्रातला खरा तोटा लपला आहे. चेन चार वर्षं न बदलल्यामुळे कॅसेट गेलं. जांभ्याची लाल माती तेलात मिसळली की पॉलिश पेपरसारखं काम करते आणि हर्णैकडची खारी हवा उरलेलं पुरं करते. स्टीलची पट्टी घ्या. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवून २४ कड्या मोजा, नव्या चेनमध्ये त्या बरोबर १२ इंच भरतात. १/१६ इंच वाढ दिसली की नवी चेन आणून ठेवा. १/८ इंचापर्यंत थांबलात तर कॅसेटचे दातही त्याच मापाने झिजलेले असतात आणि नवी चेन चढावर उसळ्या मारते. वेळेवर बदललेल्या दोन-तीन चेन एका कॅसेटवर निघतात. १,२००ची चेन चुकवल्याचं बिल म्हणून आज २,०००चं कॅसेट आलं आहे.

क्रँकसेटचे ३,२०० मात्र आज देऊ नका. आधी चेन आणि कॅसेट बदला, मग आसूदचा चढ जोर लावून चढून पाहा. चेन पुढच्या दातांवर घसरत नसेल, दात शार्कच्या पाठीच्या परासारखे एका बाजूला कलले नसतील, तर क्रँक अजून वर्षभर सहज जाईल. अंदाजात छापील किंमत जुनी नाही ना, हेही विचारा: सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून १२ टक्क्यांवरून ५वर आला आहे.

पावसाची उघडीप मिळाली की बाहेरही जाच. मडगार्ड लावा, शेवाळलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर वळताना ब्रेक दाबू नका. घरी आल्यावर सायकल साध्या धारेने धुवा, प्रेशरची नळी हबवर आणि बॉटम ब्रॅकेटवर (पेडलच्या मधलं बेअरिंग) नको. चेन पुसून सुकवा, पावसाळी वेट ल्यूब प्रत्येक कडीच्या रोलरवर एकेक थेंब सोडा, दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं पुसून काढा. बाहेर राहिलेलं तेल फक्त माती धरतं. खोबरेल तर अजिबात नको, चिकटून बसतं. दर तीन महिन्यांनी सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, उपसून ग्रीस लावा. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमचा पोस्ट फ्रेममध्ये असा धरतो की शेवटी कापावा लागतो, आणि ते काम या सगळ्या ल्यूब-ग्रीसपेक्षा महाग पडतं.

अट सांगायची राहिली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ट्रेनरवरचे तास रोज लिहा, ॲपमध्ये नको, घरच्यांना दिसतील असे. सप्टेंबरअखेर बेरीज ४०च्या वर गेली, तरच स्मार्ट ट्रेनर. ५,०००च्या आरडीचे साडेसहा टक्क्यांनी बारा महिन्यांत सुमारे ६२,१०० होतात, जुन्या ट्रेनरचे ४,००० आले की ६४,००० रोख भागतात आणि आंब्याच्या पैशाला हात लागत नाही. बेरीज ४०च्या खाली राहिली तर ती आरडी गंगाजळीत वळवा.

आणि पत्रात विम्याचा उल्लेख नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं, वयाची मर्यादा १८ ते ७०. बँकेत आरडी उघडायला जाल तेव्हा त्याच खात्यावर तो फॉर्म भरून या.