सप्टेंबरचा घाट आणि तुमची नडगी

"ताई, मी 41 वर्षांची, साताऱ्यात राहते. चार वर्षं धावतेय. जानेवारीत नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने बारीक तडा, झालं. तीन महिने धावणं बंद, घरात फक्त सायकल मारली. डॉक्टरांनी हळूहळू सुरू करा म्हटलं आणि पहिल्याच रविवारी मी ग्रुपबरोबर यवतेश्वरचा घाट चढून उतरून आले. दम फारसा लागला नाही, पण त्या रात्रीपासून नडगी ठणकतेय. घरी सांगितलं नाही, फिजिओलाही नाही. वजन वाढू नये म्हणून रात्रीचं जेवण बंद केलंय. पाळीही लांबतेय, वयाचं असेल. सासूबाई म्हणतात, 'झालं तेवढं पुरे.' सप्टेंबरच्या हिल मॅरेथॉनची नोंदणी करून बसलेय. ग्रुपवरचे फोटो बघितले की रडू येतं. काय करू?"

सध्या धावू नका. हाडाचं दुखणं त्या रात्रीपासून ठणकतंय, म्हणजे पोटऱ्या भरून आल्यात असं समजून सोडून द्यायची ही गोष्ट नाही. एका बोटाने दाबल्यावर नेमकी तीच जागा दुखत असेल, तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

दम लागला नाही याचा तुम्हाला आनंद झालाय, आणि घात तिथेच झाला. सायकलने तुमची छाती तयार ठेवली, पण सायकलवर पाय आपटत नाहीत, त्यामुळे हाडाला कसलाच सराव झाला नाही. छाती म्हणते चल, हाड म्हणतं थांब, आणि आपण ऐकतो छातीचं. त्यात घाट! चढताना फुप्फुसांची परीक्षा असते, उतरताना प्रत्येक पावलाचा दणका पायावर येतो. तीन महिन्यांनंतरचा पहिला दिवस म्हणून यवतेश्वर निवडणं हे, रागावू नका, फक्त सातारकरच करू जाणे.

पत्रात तुम्ही जी गोष्ट सहज लिहून पुढे गेलात, ती मला सगळ्यात जास्त खटकली. रात्रीचं जेवण बंद, पाळी लांबलेली, हाडाला तडा. हे तिन्ही एकत्र दिसलं की धावणाऱ्या बाईने वयाला दोष देऊन मोकळं होऊ नये. 41व्या वर्षी पाळी वयामुळेही मागेपुढे होते, खरं आहे. पण व्यायामाच्या मानाने खाणं कमी पडलं, तर शरीर इस्ट्रोजेन हे हाडं जपणारं संप्रेरक आखडतं घेतं आणि त्याची किंमत हाडं मोजतात. मी डॉक्टर नाही, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना हे तिन्ही एका दमात सांगा आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करायची का ते विचारा. तोवर रात्री पोळी-भाजी, वरण-भात, जे घरात शिजतं ते नीट जेवा.

पुन्हा परवानगी मिळाली की सुरुवात सपाटीवर. आधी अर्धा तास भरभर चालून काही दुखत नाही ना ते बघा. मग एक मिनिट धावणं, चार मिनिटं चालणं, तेही एक दिवसाआड. पुढचे टप्पे फिजिओ ठरवतील. हाडाच्या बाबतीत "थोडं दुखलं तर चालतं" हा हिशेब नाही. दुखलं की त्या दिवसापुरतं संपलं, आणि पुढच्या वेळी एक पायरी खाली.

सप्टेंबरचं म्हणाल, तर यंदाचा घाट सोडा. पैसे गेले तर गेले. त्या दिवशी धावणाऱ्यांना पाणी द्यायच्या टेबलापाशी उभ्या राहा, किंवा वाटलं तर घरात झोपून राहा. मैत्रिणींच्या आनंदात हौसेने सामील व्हायलाच हवं अशी सक्ती नाही. फोटो बघून रडू येत असेल तर ग्रुप महिनाभर म्यूट करा, सोडू मात्र नका.

सासूबाईंना आत्ता पटवायला जाऊ नका, लंगडत वाद जिंकता येत नाही. नवऱ्याला मात्र आजच सांगा. दुखणं लपवायचं म्हणून तुम्ही घरात नीट चालायचं नाटक करताय, आणि त्यातही पायावर भार पडतोच. फिजिओकडे जाताना स्ट्राव्हावरची, म्हणजे धावण्याची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपवरची, त्या रविवारची नोंद घेऊन जा. लपवून ठेवली असणार, ती आधी उघडा.