कॅमेऱ्याची बॉडी घेऊन झाली, आता लेन्सकडे बघ

उरलेल्या पैशात ५० एमएम एफ/१.८ लेन्स घे, तिचं तोंड मोठं उघडतं आणि जास्त उजेड आत येतो. दिवेलागणीला घरातही आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता; चढवली की फोटो दाणेदार होतो) फार न चढवता फोटो निघतात. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा छोट्या सेन्सरवर, ती ७५-८० एमएमसारखी वागते, चौकटीत कमी मावतं, त्यामुळे छोट्या खोलीत पाठ भिंतीला टेकणार, हे धरून चाल.

फोटो रॉमध्येच, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्येच काढ. जेपेगमध्ये पांढरंफटक झालेलं आभाळ गेलंच समज. रॉमध्ये बऱ्याचदा ढग सापडतात. रॉ फोटो सुधारायचं डार्कटेबल हे सॉफ्टवेअर फुकट आहे, सुरुवातीला डोकं खातं खरं. आधी एक्स्पोजर (फोटोचा उजेड) आणि व्हाइट बॅलन्सच (रंगांचा पिवळे-निळेपणा) हलव. सॅच्युरेशनला (रंगांच्या भडकपणाला) लांबून नमस्कार. माझे पहिल्या वर्षीचे सगळे सूर्यास्त टोमॅटो सॉससारखे आहेत.

आणि पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत कोंडू नकोस. माझ्या एका लेन्सला आतून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली. हवाबंद डबा आण, आत सिलिका जेल टाक. निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे.