घरी बीयर बनवायला प्रोपेन बर्नर घ्यावा की इलेक्ट्रिक? गॅसवरच्या बीयरला चव जास्त असते का?

इलेक्ट्रिक घ्या. तुम्ही न्यू जर्सीत राहता, ५ गॅलनची बॅच करणार, स्वस्तात काय पडेल असंही विचारलंय; त्याकडे नंतर येते. आधी ते चवीचं, कारण हे वाक्य मी आमच्या घरात सहा वर्षं ऐकतेय.

आम्ही मिनियापोलिसच्या बाहेर राहतो. माझे मोठे दीर जुने ब्रूअर. मला मॅश करायला (मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गरम पाण्यात भिजवून त्यातली साखर काढायला) त्यांनीच शिकवलं, ते ऋण मी मानते. पण त्यांचं एकच पालुपद: "चुलीवरच्या मटणाची चव इंडक्शनला येते का? मग बीयरला कशी येईल?" त्यांच्या शब्दाखातर मी पहिली दोन वर्षं गॅरेजमध्ये प्रोपेनवरच बीयर केली.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत ते मिलवॉकीहून आले होते. बाहेर उणे २२ सेल्सिअस. सिलिंडर बाहेर ठेवला होता, त्यावर बर्फाची साय धरली आणि ज्योत मलूल पडली. भाऊजींनी सिलिंडर आत घेतला आणि गॅरेजचं दार वीतभर फट ठेवून खाली ओढलं. मी म्हटलं, "भाऊजी, दार उघडं राहू दे." ते म्हणाले, "एवढं मोठं गॅरेज आहे, काही होत नाही." मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला आजही त्रास होतो.

उकळी फुटली, मी हॉप्सचा (बीयरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) पहिला हप्ता टाकला. थोड्या वेळाने डोकं जड झालं, ते मी वाफेवर ढकललं. आमच्या मुलाची खोली गॅरेजच्या बरोबर वर. तो तेव्हा नऊ वर्षांचा. जिन्यात येऊन बसला आणि म्हणाला, "आई, डोकं दुखतंय, झोप येतेय." दुपारचे तीन वाजले होते. मी त्याच्या कपाळाला हात लावतेय तोवर वरच्या पॅसेजमधला कार्बन मोनॉक्साइडचा (गॅस अर्धवट जळला की होणाऱ्या विषारी वायूचा) अलार्म वाजायला लागला. चार बीप, थांबा, चार बीप. गॅस बंद केला, पोराला उचललं आणि सगळे मोज्यांवरच बर्फात. फायरवाले मीटर घेऊन आत गेले, पोराला ऑक्सिजन लावला. तो तासाभरात सावरला. संध्याकाळी पातेलं उचललं तर बुडाला काजळी. बोट फिरवलं तर काळंकुट्ट. म्हणजे ज्योतीला पुरेशी हवाच मिळत नव्हती.

एक गोष्ट लक्षात ठेवा, हा अलार्म लगेच वाजत नाही. अमेरिकेतले घरगुती अलार्म ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग हा वायू) एक ते चार तासांनी आणि १५० पीपीएमला १० ते ५० मिनिटांनी वाजतात. "अलार्म वाजला नाही म्हणजे सगळं ठीक" हा हिशेब चुकीचा.

आता मटण. चुलीवरच्या मटणाला चव येते ती लाकडाच्या धुराची. प्रोपेनची ज्योत धड जळत असेल तर धूर नसतोच, आणि असला तरी तो पातेल्याच्या बाहेर. आतल्या वर्टला (मॅशमधून निघालेल्या गोड पाण्याला) कोण कळवणार की खाली गॅस आहे की एलिमेंट (विजेवर तापणारी कांडी)? बीयरची चव ठरते मॅशच्या तापमानावर आणि त्याहून जास्त फर्मेंटरमध्ये, म्हणजे बीयर आंबवायच्या भांड्यात. ६५ अंशांना मॅश केलं तर बीयर कोरडी, हलकी. ६९ला गोडसर, अंगाने जाड. थंड गॅरेजमध्ये बर्नर चालू-बंद करून मी कधीच ३-४ अंशांच्या आत राहू शकले नाही. कंट्रोलर लावलेला एलिमेंट एका अंशात धरून ठेवतो. भाऊजींनी हे अजून मान्य केलेलं नाही, पण माझ्यापुरता हा विषय संपलाय.

खर्चाचं: बर्नर सुरुवातीला स्वस्त, हे खरं. पण त्याची निम्म्याहून जास्त उष्णता पातेल्याच्या कडेने वर निघून जाते. विजेवर ५ गॅलनच्या बॅचला ५-६ युनिटं लागतात. तुमच्याकडे फक्त १२० व्होल्टचं सॉकेट असेल तर १५००-१६५० वॉटच मिळतील. मॅशनंतर उकळी यायला पाऊण तास, आणि पातेल्याला बाहेरून इन्सुलेशन गुंडाळावंच लागेल. २४० व्होल्टला ५५०० वॉटच्या एलिमेंटवर तेच काम बारा-पंधरा मिनिटांत होतं. त्याला ३० अँपिअरचं सर्किट आणि जीएफसीआय (करंट गळला की लगेच वीज तोडणारं उपकरण) लागतं. जीएफसीआयशिवाय एलिमेंट चालू करू नका, आणि हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. एलिमेंट पूर्ण बुडाल्याशिवाय स्विच लावायचा नाही.

इलेक्ट्रिकला त्रास नाही असं नाही. तासाला तीन-चार लिटर पाण्याची वाफ घरात होते. झाकण ठेवून चालत नाही, पिल्सनर मॉल्ट (फिकट रंगाचं मॉल्ट) असेल तर उकडलेल्या मक्यासारखा वास बीयरमध्ये राहतो. खिडकी किंवा दमदार एक्झॉस्ट हवाच. आणि मोकळं अंगण असेल, १० गॅलनच्या बॅचेस फक्त उन्हाळ्यात करणार असाल, तर प्रोपेन वाईट नाही. पण उघड्यावर. गॅरेजमध्ये नाही, आणि बेसमेंटमध्ये तर सिलिंडर ठेवायचाही नाही. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचून राहतो.

पुण्या-मुंबईहून कोणी वाचत असेल तर: अमेरिकेत दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत मुभा आहे, पण महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बीयर बनवणं गुन्हा आहे.

तुमच्या घरी कपड्यांच्या ड्रायरचं सॉकेट असेल तर त्याच्या ब्रेकरवर किती अँपिअर लिहिलंय ते बघून सांगा, मग कोणता एलिमेंट घ्यायचा ते सांगते.