डीएसएलआरचे पहिले फोटो धूसर येतायत?

कॅमेऱ्यात बिघाड नाहीये, काळजी करू नका. छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, जेमतेम नखाएवढा, त्यामुळे त्यात पुढचं-मागचं बहुतेक सगळं स्पष्ट येतं. डीएसएलआरचा सेन्सर कितीतरी मोठा. लेन्सचा झूम ५५ मिमीवर ठेवून अगदी जवळून चेहरा टिपलात, तर डोळे स्पष्ट आणि कान धूसर येणारच. म्हणून ऑटो सोडा, अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर या (यात लेन्सचं छिद्र किती उघडायचं ते तुम्ही ठरवता), उजेडात एफ ८ ठेवा; एफचा आकडा मोठा, तितकं छिद्र लहान आणि जास्त भाग स्पष्ट. फोकसचा मधला एकच पॉइंट निवडा, तो डोळ्यावर धरून बटण अर्धं दाबा, मग फ्रेम जुळवा. शटरच्या वेगावर मात्र लक्ष हवं: ५५ मिमीला तो १/८० सेकंदापेक्षा हळू झाला की हात हललेला दिसू लागतो. घरात उजेड कमी, म्हणून एफ ५.६ वर या आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) बिनधास्त १६०० करा, फोटोत थोडे दाणे आले तरी चालतील. आणि हो, नवी लेन्स इतक्यात घेऊ नका!