कॉर्डलेस व्हॅक्यूम क्लीनर चालूच होत नाही, बॅटरी बदलावी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: दोन वर्षं वापरलेला कॉर्डलेस व्हॅक्यूम आहे. मे महिनाभर जुळे सोलापुरातला फ्लॅट बंद होता, जाताना तुम्ही भिंतीवरचं बटण बंद केलं आणि मशीन गॅलरीतल्या स्टँडवर तसंच लटकत राहिलं. आल्यावर ट्रिगर दाबला तर काहीच हालचाल नाही. चार्जिंगला लावलं की दिवा दोन-चारदा मिचकावतो आणि विझतो. दुकानदार म्हणतो बॅटरी गेली, चार हजार लागतील.

लगेच देऊ नका. मी एकदा असेच दिलेत.

आमचं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलचं लहानसं पॅकिंग आहे. टॉवेलच्या घड्या घालताना लव उडते, आणि झाडू मारला की ती बसायच्या ऐवजी आणखी उडते. म्हणून टेबलापुरता एक कॉर्डलेस व्हॅक्यूम घेतला होता. दीडेक वर्षाने त्याने संप केला. ट्रिगर दाबला की अर्धा सेकंद ‘हुं’ करायचा नि गप्प. पाईप-ब्रशसकट दुरुस्तीला नेला. त्या माणसाने ट्रिगर दाबून बघितला, ‘बॅटरी’ म्हणाला, नवी घातली आणि नुसतं धड चालवून दाखवलं. मी खूश. पॅकिंगवर आणून पाईप लावला, पुन्हा तेच ‘हुं’. शेजारी मागाच्या मोटारींचं वायंडिंग करणारे अण्णा चहाला आले होते. ते म्हणाले, “आधी पाईप काढून बघा की मालक.” पाईप काढला, चालू. लावला, बंद. ब्रशच्या रोलरला सूत इतकं गच्च गुंडाळलं होतं की तो हाताने फिरेना. ब्रशची मोटर अडकली की करंट जास्त ओढते, आणि आतलं सर्किट जळण्यापेक्षा सगळंच बंद करून टाकतं. कात्रीने सूत कापलं. जुनी बॅटरी परत घालून बघितली, तीही धडधाकट.

तर पहिलं काम हेच. पाईप काढा, ब्रश काढा, नुसतं धड हातात घेऊन ट्रिगर दाबा. चाललं तर दोष पाईप किंवा ब्रशमध्ये आहे. मग फिल्टर काढून क्षणभर दाबून बघा (काही मशीन फिल्टरशिवाय चालूच होत नाहीत, ते तुमच्या पुस्तिकेत असेल). एक-दोन सेकंद चालून बंद, परत चालू, परत बंद, असं होत असेल तर हवेची वाट कुठेतरी कोंडली आहे. आपल्याकडे याला एक कारण फार कॉमन आहे, रांगोळी. दगडाची इतकी बारीक पूड फिल्टरच्या घड्यांमध्ये बसली की झटकून निघत नाही. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या मार्गावर राहणाऱ्या माझ्या मेहुण्यांनी दारातली रांगोळी व्हॅक्यूमने ओढली आणि संक्रांत संपायच्या आत मशीन धापा टाकायला लागलं. रांगोळी आधी ओल्या फडक्याने टिपायची. फिल्टर धुतला असेल तर पूर्ण २४ तास सावलीत वाळू द्या. आपल्या उन्हात वरून तासाभरात कोरडा वाटतो, पण फोम आतून ओलाच असतो.

पण तुमचं मशीन साफ मुकं आहे आणि चार्जरवरही नाटक करतंय, म्हणून तुमच्याबाबतीत माझा संशय फिल्टरवर कमी आणि चार्जिंगवर जास्त आहे. त्यातही सगळ्यात आधी गॅलरीवर.

या बॅटऱ्या लिथियम आयनच्या. साधारण ४५ अंशांच्या वर तापलेली बॅटरी चार्ज करायला त्यातलं सर्किट नकार देतं, आणि तो नकार दिवा मिचकावूनच कळवतं. सोलापुरात मेमध्ये सावलीतच पारा चाळिशीच्या वर असतो. पश्चिमेच्या भिंतीवर लटकलेलं काळं प्लास्टिक त्याहून किती तापत असेल, हात लावून बघा. म्हणून आज संध्याकाळी मशीन आतल्या खोलीत आणा, रात्रभर तसंच राहू द्या आणि पहाटे चार्जिंगला लावा. फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर आत पाणी सुटतं आणि मग खरंच खर्च निघतो.

पहाटेही दिवा तसाच करत असेल तर अडॅप्टर मोजायचा. एखादा साधा मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचा मीटर) शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून मागून आणा. तो डीसी २०० वर ठेवा. २० वर ठेवलात तर आकडाच येणार नाही, कारण अशा बऱ्याच अडॅप्टरचं व्होल्टेज वीसच्या पुढे असतं. अडॅप्टरच्या लेबलवर आउटपुटसमोर जे छापलंय तेवढं किंवा थोडं जास्त दिसायला हवं. शून्य किंवा निम्मं दिसलं तर अडॅप्टर गेलाय, बॅटरीला दोष देऊ नका. लाइट जाऊन येताना जे झटके बसतात त्यात अडॅप्टर मरणं नवीन नाही.

अडॅप्टर ठीक निघाला तर स्टँडच्या आणि मशीनच्या पितळी पट्ट्या बघा. काळ्या पडल्या असतील तर प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाचा बोळा बुडवून पुसा. सँडपेपर लावू नका, वरचा मुलामा जातो. बॅटरी एकदा काढून ‘टक्’ आवाज येईपर्यंत परत बसवा. कचऱ्याचा डबा नीट बसला नसला तरी काही मॉडेल चालू होत नाहीत, आणि चार्जरची पिन लागलेली असताना तर बहुतेक मशीन मुद्दामच चालत नाहीत. हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे.

आता बॅटरी. पॅकच्या लेबलवर २१.६ व्होल्ट लिहिलं असेल तर आत सहा सेल एकापुढे एक जोडलेले आहेत. एका सेलचे ३.६, सहाचे २१.६. पूर्ण भरल्यावर एक सेल ४.२ वर जातो, म्हणजे पॅक २५.२ वर. वापरताना सेल तीन-अडीच व्होल्टच्या आसपास आला की सर्किट मशीन बंद करतं. तुम्ही जाताना बॅटरी बहुधा उतरलेलीच होती आणि बटण बंद. महिनाभर तेच सर्किट स्वतःपुरती थोडी थोडी वीज पीत राहिलं आणि सेल आणखी खाली गेले. अशा पॅकला बरेच चार्जर आधी अगदी बारीक करंट देतात आणि सेल वर आल्यावरच नेहमीचं चार्जिंग सुरू करतात. म्हणून थंड वेळी, तुम्ही घरात जागे असताना, दोन-तीन तास लावून ठेवून बघा. दिवा स्थिर झाला तर जमलं.

पॅकच्या पट्ट्यांवर मीटरने शून्य दाखवलं म्हणून लगेच हार मानू नका. कित्येक पॅकमध्ये सर्किटने दार लावून घेतलेलं असतं, आतले सेल जिवंत असले तरी बाहेर व्होल्टेज येत नाही. मात्र मोबाइलवर दाखवतात तसं दुसऱ्या बॅटरीची वायर लावून ‘झटका’ देणं करू नका. सेल खूप खाली गेला की आतलं तांबं विरघळतं, आणि परत चार्ज करताना तेच तांबं भलतीकडे साचून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. सर्किटने दार लावलंय ते त्याचसाठी. पॅक गरम होत असेल, गोडसर केमिकलचा वास येत असेल किंवा फुगला असेल तर चार्जिंगचा प्रयोगच करू नका. असा पॅक घंटागाडीतही टाकू नका, गाडीत दबला तर पेट घेतो. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

एवढं करूनही मुकंच राहिलं तर ट्रिगरखालचं छोटं स्विच आणि सर्किट उरतं. ते खोलायच्या भानगडीत घरी पडू नका.

बॅटरी घ्यायचीच ठरली तर लेबलवरचा मॉडेल नंबर आणि व्होल्टेज तंतोतंत जुळवा. ऑनलाइन स्वस्त पॅकवर ६००० एमएएच (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) वगैरे छापलेलं दिसेल. अशा पॅकमध्ये बहुतेकदा असतो तो १८६५० नावाचा सेल, १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब, आणि चांगल्यातला चांगलाही साडेतीन हजार एमएएचच्या आसपास थांबतो. सहा सेलची एकच रांग असेल तर पॅकची क्षमताही तेवढीच. मग सहा हजार आले कुठून? असा आकडा दिसला की मी ते पान बंद करतो.

आणि स्टँड गॅलरीतून हलवा, मशीन वाचलं तरी. पुढच्या सुट्टीत बॅटरी निम्मी भरून, मशीनमधून काढून ठेवा. मी माझी जास्तीची बॅटरी मधल्या खोलीत ज्वारीच्या कोठीशेजारच्या कपाटात ठेवतो, मेमध्ये आमच्या घरातली तीच सगळ्यात गार जागा आहे.