35 हजारांच्या नॉइज कॅन्सलिंग हेडफोनचा आवाज खरंच चांगला आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा, की 35 हजारांपर्यंतचे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घ्यायचेत, दुकानात लावून बघितले तेव्हा भारी वाटले, पण मित्र म्हणतो आवाजात काही दम नाही, मग खरं-खोटं तपासायचं कसं. मी कोणी साउंड इंजिनियर नाही, रोज ठाणे ते सीएसएमटी करणारा माणूस आहे, पण यात स्वतःच्या खिशाला चाट लावून घेतलेली आहे त्यामुळे थोडं बोलू शकतो.

पहिली गोष्ट, दुकानातलं ते "भारी वाटले" विसरून जा. मीही असाच एका मोठ्या दुकानात फसलो (फसलो म्हणजे कोणी फसवलं नाही, माझा मीच). वर एसी घरघरतोय, समोर भिंतभर टीव्ही लावलेले, मागे कोणीतरी स्पीकर दणाणून दाखवतंय, आणि त्यात त्या सेल्समनने हेडफोन कानावर चढवून बटण दाबलं. सगळं गायब! त्या शांततेत गाणं सुरू झालं आणि मी कार्ड काढलं. रात्री साडेअकराला घरी सगळे झोपल्यावर सहज जुना सहा हजारांचा वायरवाला काढला, तेच रेकॉर्डिंग लावलं, आणि डोक्याला हात लावून बसलो. एका घरगुती बैठकीचं तबल्याचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे, त्यात डग्ग्यावर तळहात घासला की तो नाद कसा वळत वर चढतो ना, ते वळण जुन्यात अख्खं ऐकू येत होतं, नव्यात नुसतं ढुम्म. आणि मागचा तानपुरा, त्याची जवारीची जी बारीक झणझण असते ती नव्यात कोणीतरी वर चादर टाकल्यासारखी.

मग दुकानात तो एवढा भारी का वाटला? कारण बाहेरची घरघर गाण्यातला बेस खाऊन टाकते. लोकलमधे साधे हेडफोन लावले की बेस गायब होतो, आपण आवाज वाढवतो, मग गायिका किंचाळायला लागते. नॉइज कॅन्सलिंगने ती घरघर काढली की दबलेला बेस आपसूक वर येतो आणि आपल्याला वाटतं वा काय साउंड क्वालिटी आहे. क्वालिटी तीच असते, फक्त मधला अडथळा गेला. घरी रात्री अडथळाच नसतो, तिथे खरी परीक्षा होते. म्हणून तपासायचं तर शांत खोलीत तपासा, आणि शांतता किती मिळते ते वेगळं, गाडीत तपासा, दोन्हीची खिचडी करू नका.

ह्या तंत्राचा जन्मच मुळी विमानातला आहे. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस 1978 मधे झुरिचहून बॉस्टनला येत होते, विमानात दिलेल्या हेडफोनवर इंजिनच्या आवाजात नीट ऐकू येईना, तर त्यांनी त्याच प्रवासात गणित मांडायला घेतलं. पहिला विकायला आला तो 1989 मधे, वैमानिकांसाठी, आणि तुमच्या-आमच्यासारख्यांसाठीचा 2000 मधे. तर मूळ काम घरघर मारणं. बाहेरच्या माइकने आवाज पकडायचा, त्याची उलटी लहर सोडायची, दोघी एकमेकींना खातात. 100 हर्ट्झची, म्हणजे खालच्या घरघरीची लहर साधारण साडेतीन मीटर लांब असते, तिची उलटी लहर जुळवायला मशीनला सवड मिळते, पण 5000 हर्ट्झची, म्हणजे वरच्या बारीक आवाजाची जेमतेम सात सेंटिमीटर, तिथे किंचित चुकलं की गणित बोंबलतं. म्हणून इंजिन, एसी, पंखा जातो आणि लहान मुलाचं रडणं, शेजारच्याचं फोनवरचं भांडण आणि "पुढील स्टेशन" बऱ्यापैकी आत येतंच, ते अडवायचं काम मुख्यतः कुशनचं असतं. हे ऐकू आलं म्हणून पीस खराब आहे असं समजू नका.

आता कुशनवरून, तुम्हाला चष्मा आहे का? मला आहे, आणि हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. चष्म्याची काडी कुशनखाली आली की बारीक फट राहते आणि तिथून बेसही गळतो आणि बाहेरचा आवाजही आत येतो. गाणं चालू असताना दोन्ही तळव्यांनी कप हलकेच कानावर दाबून बघा, बेस एकदम भरला तर समजा तुमच्या डोक्यावर तो नीट बसत नाहीये, मग रिव्ह्यूवाला काहीही म्हणो.

दुसरा सापळा व्हॉल्यूमचा. दोन हेडफोनमधला जो किंचित मोठा वाजतो तो कानाला चांगलाच वाटतो, फरक जाणवण्याइतकाही नसला तरी. त्यामुळे तुलना करताना गाणाऱ्याचा आवाज दोन्हीकडे सारखा होईपर्यंत व्हॉल्यूम जुळवा आणि मगच बोला. मी भाच्याला बसवलं, डोळे मिटले, तो मनाला येईल तो हेडफोन चढवणार आणि मी नुसतं सांगायचं जास्त स्वच्छ वाटला की कमी. कुशनच्या स्पर्शावरून कुठला ते कळतंच, शंभर टक्के न्यायाची परीक्षा नाही ही, पण किमतीचा चष्मा बराच उतरतो. ऐकायला मात्र तुमचं शंभर वेळा ऐकलेलं गाणं घ्या, दुकानवाल्याचं डेमो गाणं नको, ते त्याच हेडफोनला शोभेल असं निवडलेलं असतं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेली फाइल तर नकोच नको.

हेडफोनच्या अ‍ॅपमधे जाऊन इक्यू (बेस, वरचे सूर कमी-जास्त करायच्या पट्ट्या) सपाट केलाय ना तेही बघा, डेमो पीसवर आधीच्या कोणीतरी बेस तटातटा वाढवून ठेवलेला असतो. मीही घरी तेच केलं, फक्त उलट, बेस दोन खुट्ट्या खाली घेतला आणि डग्गा बराचसा परत आला (तानपुरा नाही आला). नॉइज कॅन्सलिंग चालू-बंद केल्यावर काही मॉडेलचा आवाजच बदलतो, तुम्ही वापरणार चालू ठेवूनच, तर तसंच ऐका.

कोडेकवरून (ब्लूटूथवर गाणं दाबून पाठवायची पद्धत) मित्र डोकं खाईल, त्यात फार अडकू नका. एलडॅक नावाचा कोडेक 990 केबीपीएसपर्यंत (सेकंदाला 990 किलोबिट) जातो हे खरं, पण आयफोनमधे तो नाहीच, तिथे एएसी हा दुसरा कोडेक चालतो, आणि गर्दीच्या प्लॅटफॉर्मवर अँड्रॉइड फोनही तो 330 पर्यंत खाली आणतो. त्यापेक्षा लॅपटॉपवर जपा, मीटिंगने हेडफोनचा माइक घेतला की ब्लूटूथ कॉलच्या मोडमधे जातं आणि गाणं चाळीतल्या जुन्या रेडिओसारखं वाजतं, माझ्या ऑफिसातल्या एकाने एवढ्यावरून नवाकोरा हेडफोन बदलून मागितला होता.

मग घ्यायचा का? रोजचा प्रवास, विमान, ओपन ऑफिस असेल तर बिनधास्त घ्या, मी माझा विकला नाही, घाटकोपरला गर्दी चढल्यावर त्याची किंमत कळते. पण रात्री घरी खुर्चीत बसून गाणं ऐकायचंय आणि आवाजच हवाय तर ह्याच पैशात वायरवाला ओपन-बॅक (कपची मागची बाजू उघडी असलेला) बघा, सेनहायझरचा एचडी 600 हा 1997 चा आहे आणि अजून लोक त्याच्याशी तुलना करतात. फक्त तो लोकलमधे चालणार नाही, बाहेरचं सगळं आत आणि तुमचं गाणं शेजारच्याला.

पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या, एक म्हणजे बॉक्स उघडल्यावर परत घेतात का, कारण कानाला लागणारी वस्तू म्हणून बरेच जण घेत नाहीत, आणि दुसरं, कुशन सुटे मिळतात का आणि केवढ्याला, मुंबईच्या घामात माझ्या कुशनचं रेक्झिन दोन पावसाळ्यांत पापुद्रे काढायला लागलं.