सहा जणांच्या परवान्यावर सातवी व्यक्ती ठेवता येते का?

कॅलिफोर्नियातील वृद्धनिवासाचा परवाना सहा जणांचा असताना चालक ‘दोन आठवड्यांपुरते’ सातवे आजोबा ठेवत असतील, तर हरकत घ्यावी का, असे आपण विचारले आहे. अवश्य घ्यावी. परवान्यावरील संख्या ही कमाल मर्यादा असते आणि तात्पुरता रहिवासीही तिच्यातच मोजला जातो. चालकाचे कुटुंबीय व कर्मचारी मात्र त्या सहांत धरत नाहीत.

माझी आई अशाच एका घरात होती. एका संध्याकाळी जेवणाच्या खोलीतले टेबल भिंतीला सरकवून तिथे घडीचा पलंग टाकलेला दिसला आणि त्यावर एक अनोळखी आजोबा पडलेले होते. मुलगा परदेशातून परतेपर्यंतच ते राहणार आहेत, असे सांगण्यात आले. इतर वापराची खोली निजायला देता येत नाही, हे मी चालकबाईंना सांगू लागले, तर त्यांच्याआधी माझा धाकटा भाऊच म्हणाला, "ताई, सहा काय नि सात काय, घरच्यासारखे सांभाळतात ना?"

सांभाळत होते, यात वादच नाही. परंतु आई वॉकर घेऊन चालत असे, म्हणजे नियमांनुसार संकटकाळी कोणाच्या मदतीशिवाय बाहेर पडू न शकणाऱ्यांत तिची गणना होती, आणि अशा किती जणांना ठेवता येईल हे अग्निशमन विभागाच्या मंजुरीवरून ठरते. त्यातून १५ पर्यंत रहिवासी असलेल्या घरात रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याने जागेच राहिले पाहिजे, असे सर्वसाधारणपणे बंधन नाही. झोपेतून उठलेल्या एकट्या बाईने आधी माणसे बाहेर काढायची, की वाटेतला पलंग हलवायचा, याचे उत्तर भावाने आजतागायत दिलेले नाही.

सहापर्यंतचे घर झोनिंगच्या, म्हणजे कोणत्या वस्तीत कशासाठी इमारत वापरता येईल या नियमांच्या, दृष्टीने एका कुटुंबाचेच घर मानले जाते, म्हणून बहुतेक छोटे चालक सहावरच थांबतात. त्यांना अधिक माणसे हवी असतील, तर त्यांनी वाढीव क्षमतेचा परवाना मागावा. घरगुती वातावरणाची सबब सांगू नये.

आपण परवाना आणि तपासणीचे अहवाल पाहायला मागा आणि दाद न मिळाल्यास राज्याच्या परवाना विभागाकडे तक्रार करा. साधारणपणे १० दिवसांत प्रत्यक्ष पाहणी व्हावी लागते. मात्र त्या आजोबांच्या घरच्यांना आधी कळवा, कारण जागा त्यांनाच सोडावी लागेल. तक्रारीचा राग रहिवाशावर काढण्यास कायद्याने मनाई आहे, आणि भावाला भीती होती तसे आईशी कोणीही वेगळे वागले नाही.